प्रोग्रॅमिंगची सुरुवात कशी करायची: मराठी माध्यमातून आलेल्या नवख्यांसाठी

बारावी झाली, बी.ए. किंवा बी.कॉम. चालू आहे, किंवा शिक्षण संपवून गावी शेती बघताय, आणि प्रोग्रॅमिंग शिकावंसं वाटतंय. पण सुरुवात कुठून करायची हे विचारलं की दहा जण दहा तऱ्हा सांगतात. कुणी म्हणतं जावा घे, कुणी म्हणतं आधी सी कर, कुणी म्हणतं आता एआयच सगळं लिहितंय, तू शिकून काय करणार. मी परभणी जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकलो, पुढे नांदेडला पदवी घेतली आणि आज याच कामावर माझं घर चालतं. सुट्टीत गावी गेलो की पोरं-पोरी हेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय.

आपल्याकडच्या बहुतेकांना वाटतं की इंग्रजी कच्चं आहे, म्हणून हे आपल्याला जमणार नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे राखीव, म्हणजे अर्थ आधीच ठरलेले, इंग्रजी शब्द आहेत सगळे मिळून ३५. तेवढे कुणालाही लक्षात राहतात. अडतं ते दुसरीकडेच. जो हिशोब आपण मनातल्या मनात झटक्यात करतो, त्याच्या पायऱ्या सुट्या करून सांगायची सवय आपल्याला नसते. ती सवय मराठीत लावता येते, आणि आधी मराठीतच लावावी. या लेखात कागद, पेन आणि आपली भाषा पहिल्यांदा येतात, कॉम्प्युटर त्यांच्या मागून.

## १. एकच भाषा धरा

नवख्या माणसाने पायथन घ्यावी. गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणली. ती फुकट आहे, थोडक्यात लिहिता येते आणि पुढे डेटा, वेबसाइट, ऑटोमेशन अशा कुठल्याही वाटेला कामाला येते. शिकताना पायथन ३ च घ्या. पायथन २ चा अधिकृत आधार २०२० च्या सुरुवातीलाच बंद झाला, तरी तिचे जुने व्हिडिओ अजून फिरतात. ओळखायची खूण सोपी आहे: प्रिंट या शब्दापुढे गोल कंस नसेल तर तो धडा जुना, बंद करा.

बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटरला असाल तर कॉलेजात सी शिकवतील. तीही चांगली भाषा आहे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास घडवलेली. फक्त निळ्या पडद्याचं टर्बो सी प्रॅक्टिकलपुरतंच ठेवा. ते १९९० च्या आसपासचं सॉफ्टवेअर आहे आणि त्यातल्या काही सवयी आजच्या कंपायलरवर (लिहिलेला कोड कॉम्प्युटरला चालवता येईल असा करून देणारं सॉफ्टवेअर) चालतच नाहीत. घरी सराव करायचा तर जीसीसी हा फुकटचा कंपायलर वापरा.

सहा महिने तरी भाषा बदलू नका. व्हेरिएबल, जर-तर, लूप, फंक्शन, यादी या पाच गोष्टी सगळ्या भाषांत आहेत. एका भाषेत त्या पक्क्या झाल्या की दुसरी भाषा पटकन उमगते. दर पंधरवड्याला नवीन भाषा धरणारा माणूस मात्र पहिल्या धड्यातच फिरत राहतो.

आणखी एक गैरसमज. एम.एस.सी.आय.टी. झालं म्हणजे प्रोग्रॅमिंग आलं असं घरचे धरून चालतात. तो कोर्स कॉम्प्युटर वापरायला शिकवतो, प्रोग्रॅम लिहायला नाही. झाला असेल तर फाइल, फोल्डर, टायपिंग यांची अडचण राहत नाही, एवढा फायदा नक्की.

## २. सामान जमवा

फार काही लागत नाही:

- ४ जीबी रॅमचा कुठलाही चालू कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप. सेकंडहँड चालेल.
- पायथन, तिच्या अधिकृत वेबसाइटवरून. इतर ठिकाणच्या डाउनलोडच्या बटणांना हात लावू नका.
- थॉनी नावाचा एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालेला. पायथन त्याच्यासोबतच येते आणि प्रोग्रॅम एकेक ओळ पुढे सरकताना दिसतो.
- चौकटीची वही. ही ऐच्छिक समजू नका.

विंडोजवर पायथन वेगळी टाकत असाल तर इन्स्टॉलच्या पहिल्याच पडद्यावर खाली ‘पाथ’मध्ये जोडण्याची एक चौकट असते. तिच्यावर टिक करायची राहिली की नंतर कमांड दिल्यावर कॉम्प्युटर पायथनला ओळखत नाही, आणि पोरगं समजतं की आपलंच काहीतरी चुकलं. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ घ्या, त्यापुढच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. शिकायला ३.८ पुरेशी आहे.

कॉम्प्युटर नसेल तर मोबाइलवर सुरुवात करता येते. अँड्रॉइडवर पायड्रॉइड नावाचं ॲप आहे, ते नेटशिवाय चालतं. नेट बरं असेल तर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा, तिथेही पायथन चालते. मोबाइलवाल्यांनी एक काम आधी करावं: कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करण्याची सोय बंद करावी. पायथनला छोटी पी आणि मोठी पी ही दोन वेगळी अक्षरं आहेत. प्रिंट मोठ्या पीने लिहिलं की ‘हे नाव मला माहीत नाही’ असं उत्तर येतं, आणि नजरेला तर सगळं बरोबर दिसत असतं.

आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. दोन-तीन ओळी लिहिल्या की कंट्रोल-एस दाबायची सवय बोटांना लावून टाका.

## ३. आधी वहीत, मराठीत

कुठलाही प्रोग्रॅम लिहिण्याआधी त्याच्या पायऱ्या मराठीत वहीवर काढा. मी आजही अवघड कामाला असंच बसतो.

आपल्या भागातलाच हिशोब घेऊ: सोयाबीनची पट्टी. माल काट्यावर गेला, वजन १,८४० किलो भरलं, भाव लागला क्विंटलला ४,३०० रुपये, हमाली-तोलाई मिळून क्विंटलमागे २० रुपये. आकडे सरावापुरते आहेत. हातात किती येणार?

१. वजन किलोत घ्या.
२. त्याला १०० ने भागा, क्विंटल आले: १८.४.
३. क्विंटल गुणिले भाव: ७९,१२०.
४. क्विंटल गुणिले २०: ३६८.
५. तिसऱ्यातून चौथं वजा: ७८,७५२.
६. उत्तर दाखवा.

हा झाला अल्गोरिदम. आता यात ओलावा आणू. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला साधारणपणे १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. आपण असं धरू की खरेदीदार १२ च्या वरच्या प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो कापतो. माल १४ टक्क्यांचा निघाला, म्हणजे क्विंटलमागे २ किलो, एकूण ३६.८ किलो कपात. उरले १,८०३.२ किलो.

इथे पेन थांबतं, आणि थांबायलाच पाहिजे. हमाली कुठल्या वजनावर धरायची, काट्यावर भरलेल्या की कपातीनंतरच्या? तोंडी बोलताना हा प्रश्न कुणी काढत नाही. हमालाने पोती तर पूर्ण वजनाची उचलली, म्हणून काट्यावरच्या वजनावर धरू. मग मालाचे ७७,५३७.६० रुपये, त्यातून ३६८ वजा, हातात ७७,१६९.६०. कॉम्प्युटरला असा एकही प्रश्न मोकळा ठेवून चालत नाही. जे गृहीत धरलं ते आधी लिहावं लागतं. प्रोग्रॅमिंगमधली निम्मी मेहनत हे असले न बोललेले नियम शोधण्यात जाते. ज्याला ते वहीत शोधता आले, त्याला पुढचा रस्ता सोपा आहे.

## ४. पहिल्या ओळी: दाखवणं, साठवणं, विचारणं

आता थॉनी उघडा. पडद्यावर काही दाखवायचं तर प्रिंट. काही साठवायचं तर त्याला नाव द्यायचं: वजन, भाव, ओलावा. ही नावं म्हणजे व्हेरिएबल. पायथन ३ मध्ये ती देवनागरीत लिहिली तरी चालतात. सुरुवातीला हौसेने तशी लिहून बघा, पण रोजच्या कामात इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी नावं बरी, कारण सारखा कीबोर्ड बदलत बसावं लागत नाही. ए, बी, एक्स अशी नावं मात्र ठेवू नका. आठवड्याने वही उघडली तर एक्स म्हणजे वजन की भाव, तुम्हालाच सांगता येणार नाही.

बरोबरच्या एका चिन्हाचा अर्थ गणितातल्यासारखा घेऊ नका. ‘वजन बरोबर १८४०’ म्हणजे १८४० हा आकडा वजन या नावात ठेव. दोन गोष्टी सारख्या आहेत का हे विचारायला बरोबरचं चिन्ह दोनदा जोडून लिहायचं.

वापरणाऱ्याला विचारायचं तर इनपुट. इथे जवळजवळ प्रत्येक जण ठेचकाळतो. इनपुटमधून आलेली गोष्ट आकडा दिसली तरी पायथन तिला मजकूरच समजते. ५ टाइप करा, त्यात तेच ५ पुन्हा मिळवा, उत्तर १० ऐवजी ५५ येईल, कारण दोन शब्द शेजारी चिकटले. पट्टीच्या प्रोग्रॅममध्ये तर वजनाला १०० ने भागतानाच टाइप एरर येऊन सगळं थांबेल. उपाय एका शब्दाचा आहे: पूर्ण आकड्यासाठी इनपुट ‘इंट’मध्ये गुंडाळा, दशांशासाठी ‘फ्लोट’मध्ये.

आणि एक आपल्या कामाची गंमत. कोडमध्ये आकडे इंग्रजीच लागतात, देवनागरी १२ लिहिलं तर ती ओळ चालणार नाही. पण प्रोग्रॅम चालू असताना वापरणाऱ्याने देवनागरीत १२ टाइप केले तर इंट ते बरोबर वाचते. गावातल्या कुणासाठी प्रोग्रॅम करायचा झाला तर ही गोष्ट उपयोगी पडते.

मराठी मजकुराबद्दलही एक सांगतो. ‘नांदेड’ची लांबी विचारली तर पायथन ६ सांगते. आपल्याला दिसतात तीन अक्षरं. कॉम्प्युटर न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड असे सहा वेगळे तुकडे मोजतो. मराठी नावं मोजताना, कापताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे असा प्रकार होतो.

## ५. जर-तर

‘जर’साठी इफ, ‘नाहीतर’साठी एल्स, मधल्या पर्यायांसाठी एलिफ. अट संपली की कोलन, आणि त्याखालच्या ओळी चार स्पेस आत सरकवायच्या. पायथनमध्ये ही जागा शोभेसाठी नसते. कुठली ओळ अटीच्या आत आहे आणि कुठली बाहेर, हे त्या जागेवरूनच ठरतं. टॅब आणि स्पेस यांची भेसळ करू नका.

आता ओलाव्याच्या कपातीकडे परत या. समजा तुम्ही इफ न घालता थेट लिहिलं: ओलाव्यातून १२ वजा करा, आलेल्या आकड्याला क्विंटलने गुणा, ते वजनातून काढा. १४ टक्क्यांना उत्तर बरोबर येतं. आता १० टक्क्यांचा कोरडा माल देऊन बघा. १० वजा १२ म्हणजे उणे २, कपात झाली उणे ३६.८, आणि उण्यातून उणं जाऊन वजन १,८७६.८ किलो झालं. माल न वाढता कागदावर वाढला! प्रोग्रॅमने काहीच तक्रार केली नाही, एररही आली नाही, उत्तर तेवढं चुकीचं.

म्हणून प्रत्येक प्रोग्रॅम तीन आकड्यांनी तपासा: मर्यादेच्या खालचा, मर्यादेवरचा आणि नेमका मर्यादेचा. इथे १०, १४ आणि १२. तिसरा आकडा लोक विसरतात. अतिवृष्टीला ६५ मिलिमीटरचा निकष लावतात. महसूल मंडळात बरोबर ६५.० पाऊस झाला तर तो दिवस धरायचा की नाही? ‘पेक्षा मोठं’ लिहिलं तर बाहेर, ‘पेक्षा मोठं किंवा बरोबर’ लिहिलं तर आत. कोणतं चिन्ह घ्यायचं ते नियमाचा कागद वाचून ठरवा.

## ६. लूप: इथे वेळ द्या

तेच काम पुन:पुन्हा करायचं तर लूप. किती वेळा ते माहीत असेल किंवा हाताशी यादी असेल तर फॉर, एखादी अट खरी आहे तोवर चालवायचं तर व्हाइल. ओळीने आकडे देणाऱ्या रेंजला १ ते १० दिलं तर ते ९ वरच थांबतं, शेवटचा आकडा धरत नाही. १० हवा असेल तर ११ लिहा. व्हाइलमध्ये अटीतला आकडा बदलायचा राहिला तर प्रोग्रॅम थांबतच नाही. तेव्हा घाबरू नका, कंट्रोल-सी दाबा.

लूप समजला की नाही हे तपासायला मी सगळ्यांना एकच गणित देतो: पावसाचा सर्वात मोठा खंड. मराठवाड्यात जुलै-ऑगस्टमध्ये हा शब्द घरोघरी असतो, त्यामुळे प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतं. बाकीचे कोरडे. दहा दिवसांची यादी घ्या:

१२, ०, ०, १.२, ३०, ०, ०, ०, ०, ४

सलग कोरडे दिवस जास्तीत जास्त किती? डोळ्यांनी बघून सांगाल, चार. पण कॉम्प्युटर एका वेळी एकच आकडा बघतो. त्याला दोन नावं लागतात: ‘चालू’, म्हणजे आत्ताचा खंड किती दिवसांचा झाला, आणि ‘मोठा’, म्हणजे आतापर्यंतचा सर्वात मोठा. दोन्ही शून्यापासून सुरू. दिवस कोरडा असेल तर चालूमध्ये एक मिळवा, आणि चालू हा मोठ्यापेक्षा मोठा झाला असेल तर मोठ्यात चालू ठेवा. पाऊस पडला तर चालू पुन्हा शून्य.

आता वहीत तीन रकाने पाडा: पाऊस, चालू, मोठा. एकेक दिवस स्वतः भरत जा. १२ ला ०, ०. पुढच्या शून्याला १, १. मग २, २. १.२ ला ३, ३, कारण तेवढ्या शिंतोड्याने दिवस कोरडाच राहिला. ३० ला चालू ०, पण मोठा ३ तसाच. पुढे १ आणि ३, २ आणि ३, ३ आणि ३, ४ आणि ४. शेवटच्या ४ मिलिमीटरला चालू ०, मोठा ४. याला ड्राय रन म्हणतात. कंटाळवाणं वाटेल, पण लूप डोक्यात बसवायला यापेक्षा खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

यातली चूकही ठरलेली आहे. बरेच जण ‘मोठा’ची तपासणी फक्त पाऊस पडला त्या दिवशी करतात. वरच्या यादीला उत्तर बरोबर येतं. यादीतला शेवटचा ४ काढून टाका आणि पुन्हा चालवा, उत्तर ३ येईल. शेवटचा खंड मोडायला पाऊसच आला नाही, म्हणून तो मोजला गेला नाही. हे स्वतः करून बघा.

## ७. एरर वाचायला शिका

लाल अक्षरं आली की नवखा माणूस खिडकी बंद करतो. उलट तीच वाचायची असतात. सगळ्यात खालची ओळ आधी वाचा, तिथे चुकीचा प्रकार असतो. मग तिच्या वर ओळीचा क्रमांक बघा.

- सिंटॅक्स एरर: लिहिण्यात चूक. कंस, कोलन, अवतरणचिन्ह तपासा. दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ बघा, कंस बहुतेक तिथे उघडा राहिलेला असतो.
- नेम एरर: नावाचं स्पेलिंग किंवा छोटं-मोठं अक्षर.
- टाइप एरर: आकडा आणि मजकूर यांची गाठ.
- व्हॅल्यू एरर: इंटला ‘बारा’ असा शब्द दिला.
- इंडेंटेशन एरर: आत सरकवलेल्या जागेचा घोळ.

व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून कोड कॉपी केलात तर अवतरणचिन्हं कधीकधी वळलेली होऊन येतात, पायथनला सरळ लागतात. म्हणून लहान प्रोग्रॅम हाताने टाइप करा. त्यात आणखीही फायदा आहे, बोटांना भाषा कळते.

पैशाच्या हिशोबात दशांशाने गोंधळू नका. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर ०.३०००००००००००००००४ असं उत्तर येतं. कॉम्प्युटर दशांश फक्त ० आणि १ च्या द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. दाखवताना राउंड वापरा, किंवा सगळा हिशोब पैशांत, पूर्ण आकड्यांत करा.

## ८. फंक्शन आणि फाइल

पट्टीचा हिशोब तीन ठिकाणी लागला तर तीनदा लिहू नका. डेफ वापरून त्याला एक नाव द्या, वजन-भाव-ओलावा आत द्यायचे, रक्कम बाहेर घ्यायची. नवशिक्यांचा घोळ प्रिंट आणि रिटर्न यांच्यात होतो. प्रिंट फक्त पडद्यावर दाखवतं. रिटर्न ते उत्तर पुढच्या हिशोबासाठी हातात देतं. फंक्शनचं उत्तर ‘नन’ आलं तर समजा, रिटर्न लिहायचं राहिलं.

यानंतर याद्या, डिक्शनरी (एकेका नावाला जोडून माहिती ठेवायची सोय) आणि फाइलमध्ये लिहिणं-वाचणं शिका. एवढं झालं की मूलभूत भाग संपला.

## ९. कुठून शिकायचं, आणि कागदपत्रं

फुकटात चांगलं शिकवणारं बरंच आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले धडे आहेत. व्हिडिओ लहान असतात, बाजूला प्रोग्रॅम उघडून सोबत करत जायचं. इंग्रजी ऐकायची तयारी झाली की एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या सरकारी उपक्रमातले पायथनचे कोर्स बघा. शिकणं मोफत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी.

प्रमाणपत्र हवंच असेल तर दोन सरकारी वाटा. आयटीआयमधला कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) हा ट्रेड एक वर्षाचा, दहावी पास लागतं. दुसरी नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेची ओ लेव्हल, तिच्या अभ्यासक्रमात पायथनचा स्वतंत्र पेपर आहे. नायलिटचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या प्रशिक्षणाच्या जाहिरातीही त्यांच्या अधिकृत वेबसाइटवर बघत राहा.

प्रवेशासाठी साधारण हे तयार ठेवा: आधार कार्ड, दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो, बँक पासबुक, स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल. सवलत घ्यायची असेल तर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तिथे नॉन क्रिमिलेअर आणि अधिवास. दाखल्यांना तहसीलमध्ये वेळ जातो. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच काढून ठेवा. ईमेल सायबर कॅफेवाल्याच्या नंबरवर उघडू नका, पासवर्ड विसरला की ओटीपी त्याच्याकडे जातो.

## १०. क्लासचे सापळे

खाजगी क्लास वाईटच असतात असं नाही. चांगला मास्तर मिळाला तर वर्षाचं काम चार महिन्यांत होतं. पण पुण्याला किंवा संभाजीनगरला जाऊन मोठी फी भरण्याआधी एवढं बघा:

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणतात, तर मागच्या बॅचच्या चार मुलांशी बोलायला मागा. नंबर देत नसतील तर उठा. फी हप्त्याने भरा म्हणतील तेव्हा कागद नीट वाचा. पुष्कळदा तो क्लासचा हप्ता नसून फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर. क्लास बंद पडला तरी ते हप्ते चालूच राहतात. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला देऊ नका. नोकरीसाठी आधी डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आणि हे मी मनापासून सांगतो: वरच्या आठ पायऱ्या घरी होण्याआधी फी भरूच नका. तेवढं केल्यावर तुम्हाला स्वतःलाच कळेल की यात मन लागतं की नाही, आणि समोरचा मास्तर खरंच शिकवतोय की स्लाइड वाचतोय.

## ११. रोजचा सराव आणि एआय

आठवड्यातून एकदा दिवसभर बसण्यापेक्षा रोज एक तास बसा. व्हिडिओ बघणं सरावात धरू नका. बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं. व्हिडिओ बंद करून तोच प्रोग्रॅम कोऱ्या पानावर लिहिता आला तर तो आला.

एआयला प्रश्न जरूर विचारा, मराठीत विचारा. एररची ओळ देऊन ‘याचा अर्थ सांग, उत्तर देऊ नकोस’ असं सांगितलं तर तो उत्तम शिकवणीवाला आहे. तयार प्रोग्रॅम मागून चिकटवला तर काम होतं, पण १० टक्के ओलाव्याला वजन वाढल्याचं तुमच्या नजरेस पडणार नाही. ती नजर यावी म्हणून तर हे सगळं शिकायचं.

## १२. पहिलं खरं काम

मूलभूत भाग झाला की गावातल्या बचत गटाचा हिशोब करून बघा. दहा जणी, महिन्याला ठरावीक बचत, कुणी कर्ज घेतलेलं, त्यावर दरमहा ठरलेलं व्याज. सभासदांसाठी डिक्शनरी, महिन्यांसाठी लूप, व्याजासाठी फंक्शन, आणि सगळं फाइलमध्ये साठवायचं. व्याज शिल्लक मुद्दलावर लावायचं की मूळ रकमेवर, हे आधी गटाच्या सचिव ताईंना विचारून वहीत लिहून घ्या.

मग त्यांच्या वहीतले मागचे तीन महिने प्रोग्रॅममध्ये भरा आणि रुपयाला रुपया ताडून बघा. फरक येईल. लगेच कोडला हात लावू नका, पुन्हा ताईंकडे जा. हप्ता उशिरा भरला तर किती दंड, मध्येच नवी सभासद आली तर तिची मागची बचत कशी धरायची, असे दोन-चार नियम त्यांना तोंडपाठ असतात, आणि कुणी विचारलेले नसतात. ते लिहून घ्या, एकेका नियमाला एकेक इफ लावा आणि तिन्ही महिने जुळेपर्यंत चालवत राहा.